कुठलं शेड, कुठली शेड

परवा दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. जेवून नुकताच लवंडलो होतो, पंखा फुल, खिडकीला ओली चादर, आणि फोनवर एक आवाज, "साहेब, शेडचं काय ठरलं?" मी अर्धवट झोपेत सांगून टाकलं, "पिवळी घ्या, पण फार पिवळी नको, श्रीखंडासारखी." पलीकडं जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "श्रीखंडी पत्रा येत नाही ओ. निळा हाय, हिरवा हाय, विटकरी हाय."

झालं होतं असं की घराला रंग काढायचाय आणि गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचंय, दोन्ही एकाच उन्हाळ्यात, कारण आमच्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की तो गणपती होईपर्यंत गच्चीवर मुक्कामालाच असतो आणि मागल्या वर्षी जिन्यातनं उतरलेलं पाणी थेट टीव्हीच्या मागं गेलं. पेंटर सकाळी शेडकार्ड ठेवून गेलेला, आणि हा फोन होता उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याचा. दोघांनाही मी 'शेडचं सांगतो' असं म्हणून ठेवलं होतं. "संध्याकाळी सांगतो," म्हणून फोन ठेवला.

झोप गेली ती गेलीच. पडल्या पडल्या विचार करत बसलो की एरवी आपला हा गोंधळ होत कसा नाही. तर आपण गुपचूप लिंग वेगळं करून टाकलंय. पत्र्याचं ते शेड, रंगाची ती शेड. नपुंसकलिंग असेल तर वेल्डर बोलवायचा, स्त्रीलिंग असेल तर पेंटर. (काही लोक पत्र्याचीसुद्धा 'ती शेड' म्हणतात, त्यांच्या घरात काय होत असेल कोण जाणे.) 'शेडचं काय ठरलं' मध्ये मात्र लिंग दिसतच नाही, म्हणून मी फसलो. तसं बघायला गेलं तर आम्ही कोल्हापूरकरांनी लिंगाबद्दल कुणाला शिकवू नये. इथं बायका स्वतःच 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. माझी आई कालच पेंटरला म्हणाली, "कार्ड इकडं दे, मी बघतो, ह्याला काय रंगातलं कळतंय."

उठून डिक्शनरी काढली. जाडी, कॉलेजात असताना घेतलेली, कव्हर गेलेली. इंग्रजीत एकाच्या शेवटी ई आहे आणि दुसऱ्याच्या नाही, आपल्या कानाला दोन्ही शेडच. आणि गंमत अशी निघाली की ही दोन्ही बहुतेक एकाच घरातली. पत्र्याचं जे शेड, तो शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीला दिसायला लागतो आणि तो बहुतेक सावलीच्या शेडचंच वेगळं रूप, म्हणजे नुसता आडोसा, सावलीची जागा. इंग्रजीनं स्पेलिंग बदलून वाटणी केली, आपण लिंग बदलून. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझी चूक एवढी काही अडाणी नव्हती.

मग पुढं वाचतच गेलो. शेड आणि शॅडो हे तर सरळ एकच. जुन्या इंग्रजीत एकच शब्द होता, त्याचं प्रथमेतलं रूप झिजून शेड झालं आणि विभक्तीतलं रूप, म्हणजे आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो ना ते, त्याचा शॅडो झाला. म्हणजे उद्या आपल्याकडं 'घोडा' हा एक प्राणी आणि 'घोड्या' हा दुसराच प्राणी ठरावा तसं. सातवीत सामान्यरूपासाठी मी छड्या खाल्ल्यात, तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर.

इथंवर आल्यावर कुठल्याही मराठी माणसाला जे वाटतं ते मलाही वाटलं, की शेड म्हणजे आपली छायाच असणार. छ चा श झाला, य चा ड झाला, व्हॉट्सॅपवर रोज असले दोन-चार शब्द आपण संस्कृतात परत आणतोच. पण नाही. छायेची सख्खी बहीण आहे ग्रीक 'स्किआ', तिचा अर्थही सावली. शेड मात्र दुसऱ्या ग्रीक शब्दाच्या गोतातला, 'स्कोटोस', म्हणजे अंधार. दोघी दिसायला सारख्या, भावकी वेगळी. थोडा हिरमुसलो. पण त्या स्किआच्या खाली एक भारी गोष्ट सापडली: इंग्रजीतला स्क्विरल, म्हणजे खार, हा मूळ ग्रीकात 'सावलीशेपट्या' आहे. स्किआ म्हणजे सावली, ऊरा म्हणजे शेपूट. स्वतःच्याच शेपटीच्या सावलीत बसणारा प्राणी! आमच्या टाऊन हॉलच्या बागेत इतक्या खारी बघितल्या पण त्यांच्या शेपटीकडं कधी छत्री म्हणून बघितलं नव्हतं. आणि छत्रीचं म्हणाल तर इंग्रजी अम्ब्रेलाही लॅटिनमधल्या सावलीवरनं, अम्ब्रा. म्हणजे ती तिकडं आधी उन्हासाठी. आमच्याकडं कडक उन्हात काळी छत्री उघडून जाणारा म्हातारा माणूस बघून पोरं हसायची. म्हातारा बरोबर होता.

शाळेत आम्हाला इंग्रजीच्या धड्यात एक वाक्य होतं, कुणीतरी अश्रू ढाळले, 'शेड टिअर्स'. मी कितीतरी दिवस समजत होतो की तो माणूस शेडात जाऊन रडला. आणि मला ते अजिबात विचित्र वाटलं नव्हतं, कारण मीही शेडातच जाऊन रडायचो.

ते आजोळचं शेड. कागल भागात आमचं आजोळ, घराच्या मागं म्हशींचा गोठा, त्याला सगळे शेडच म्हणायचे. निम्म्याला कौलं, निम्म्याला पत्रा, पत्र्यावर दगड ठेवलेले. आत तीन म्हशी, एक रेडकू, वैरणीचा वास, शेणाचा वास, कडब्याची पेंडी, सरकी पेंडेचं पोतं, कोपऱ्यात औताचं जू, वाशाला अडकवलेले कासरे, एक विळा, एक कंदील आणि एक कान तुटलेला कप, बशी त्याच्याच मागं खोचलेली. दुपारी पत्रा तापला की टण टण वाजायचा आणि म्हशी डोळे मिटून रवंथ करत उभ्या असायच्या, जगात काहीही चाललं नसल्यासारख्या. मामानं मारलं की मी तिथं. आजी शोधत यायची ती थेट तिथंच, हातात गुळाचा खडा. तर रडायला शेडात जाणं ही इंग्रजी वाक्यातली मला सगळ्यात सोपी गोष्ट वाटायची. तो शेड वेगळा, हे आत्ता डिक्शनरीत बघितलं. त्याचा मूळ अर्थ वेगळं करणे, तोडणे, आणि हा मात्र खरोखर आपल्या 'छेद'च्या लांबच्या नात्यात निघतो. म्हणजे जिथं नातं वाटलं तिथं नव्हतं आणि जिथं नव्हतं वाटलं तिथं निघालं, लग्नात ओळखी निघतात तसं.

गुळाच्या खड्यावरनं आठवलं. आजोळी शेजाऱ्यांचं गुऱ्हाळ होतं. त्याचंही शेड, पण ते वेगळंच प्रकरण, सगळीकडनं उघडं, वर धुरानं काळा झालेला पत्रा, खाली चुलवाण, चुलवाणात चिपाडं आणि वर ती अवाढव्य काहील. रस उकळताना त्यात भेंडीचं पाणी टाकायचे, त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढायची. गुळव्या काहिलीजवळ उभा राहून नुसता बघत असायचा. कुठं हात घालायचा, कुठं चुना घालायचा आणि कधी काहील उतरवायची हे तो रंगावरनं सांगायचा. "अजून एक सूत" म्हणायचा, म्हणजे नेमकं काय हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण ते एक सूत चुकलं तर गुळाला लाली यायची, आणि लाल गुळाला शाहूपुरीच्या बाजारात भाव पडायचा, पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, असेल तर सौद्यात वर चढायचा. सगळ्या वर्षाच्या उसाचा हिशोब एका शेडवर. आता शहरातले लोक उलट काळा गूळ मागतात, सेंद्रिय म्हणून, जास्त पैसे देऊन. ऐकून गुळव्यानं झाराच टाकून दिला असता.

रंगाच्या बाबतीत आपली मराठी खरं तर इतकी श्रीमंत, की शेड ह्या शब्दाची गरजच काय होती असं वाटतं. आईबरोबर महाद्वार रोडला मॅचिंग ब्लाऊजपीस घ्यायला गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, अबोली, शेवाळी, मेंदी, अंजिरी. बहुतेक रंग खाण्यातले नाहीतर झाडावरचे, त्यामुळं ते डोळ्यासमोर येतात. आणि तरी आई साडीचा पदर हातात घेऊन दुकानाच्या बाहेर, रस्त्यावर, रिक्षांच्या मधी उन्हात उभी राहून म्हणणार, "हे आमसुली हाय, पण ही शेड न्हवं." ट्यूबलाईटच्या उजेडात रंग बघायचा नाही हा तिचा नियम, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. अर्धा अर्धा तास मी तिथं पायाला गोळे येईपर्यंत उभा राहिलोय. ह्या शेडकार्डावरची नावं मात्र वाचवत नाहीत. सगळी कुठल्यातरी पहाटेची, धुक्याची आणि वाळवंटाची, घरात लावल्यावर सगळी फिक्कट पिवळी. आई त्या कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "ही श्रीखंडी, ही बासुंदी, ही बिघडलेली बासुंदी." पेंटरला लगेच कळलं.

जेवणाच्या बाबतीत मात्र आम्हाला शेडच कळत नाही. एक तांबडा, एक पांढरा. मधलं काही नाही. बाहेरगावचे पाहुणे दोन्ही एकत्र करून गुलाबी करतात, तेव्हा आम्ही दुसरीकडं बघतो.

आणि शेडिंग! एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्र असायचं. एक मडकं, दोन लिंबं, मागं चुण्या पाडलेलं कापड. माझं मडकं हमखास एका बाजूला कललेलं यायचं, पण शेडिंगवर मी जीव टाकायचो, पेन्सिल आडवी धरून घासघास घासायची आणि मग बोटानं पुसून गुळगुळीत करायचं, बोट काळं, शर्टाची बाही काळी, कागदावर घामाचा डाग. सर मागनं येऊन टपली मारायचे. "बोटानं घोळू नको रे, बघ आधी. सावली काळी असती व्हय?" मग खिडकीकडं न्यायचे आणि ग्राउंडवर पडलेली गुलमोहराची सावली दाखवायचे. "किती रंग दिसत्यात सांग." मला एकच दिसायचा. ते म्हणायचे निळा आहे, जांभळा आहे, मातीचा तांबडा आहे. मी हो म्हणायचो. मग सर रंकाळ्याचं सांगायला लागायचे, आबालाल रहिमान कसे रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या कडंला बसून चित्रं काढायचे, तिथं जाऊन संध्याकाळी पाण्यातली सावली बघा म्हणायचे. आम्ही रंकाळ्याला जायचो आणि भेळ खाऊन यायचो. त्यांच्याकडनं एक शब्द मात्र मिळाला, पडछाया. वस्तूच्या अंगावरची ती छाया आणि टेबलावर पडलेली ती पडछाया. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द जोडावे लागतात, आपल्याला एकात काम.

आता माझं एक खूळ सांगतो, हसू नका. एसटीनं पुण्याला जायचं असेल तर मी आदल्या रात्री उन्हाचा हिशोब करतो. गाडी जाणार उत्तरेला, म्हणजे सकाळी ऊन उजवीकडनं, तर डावी खिडकी. दुपारची गाडी असेल तर उजवी, ड्रायव्हरच्या बाजूची. हे मला आजोबांनी शिकवलं. हिशोब एकदम पक्का, आणि तरी हायवे कुठंतरी अशी गिरकी घेतो की ऊन माझ्याच मांडीवर, आणि पलीकडचा, ज्यानं आयुष्यात कधी दिशा बघितली नाही, तो तोंड उघडं टाकून सावलीत घोरत असतो. सिग्नलला पण माझं तेच. पट्ट्याच्या चाळीस फूट मागं झाडाची सावली असेल तर मी तिथंच गाडी थांबवतो. ह्यात मी एकटा नाही, एप्रिलात कुठल्याही सिग्नलला बघा, पुढं रस्ता मोकळा आणि मागं झाडाखाली पन्नास टू-व्हीलर, कुणी कुणाशी बोललेलं नसतं, पोलीस पण त्याच झाडाखाली.

वर्षातनं दोन दिवस असे येतात की दुपारी साडेबाराच्या आसपास ताठ उभ्या वस्तूची सावलीच गायब होते, सूर्य बरोबर डोक्यावर. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टमधला मी अजून एकदाही बघितलेला नाही, कारण तेव्हा आमच्याकडं सूर्यच नसतो. मेमधला बघायला गच्चीवर बाटली उभी करून बसलो होतो. बाटलीची सावली गेली. माझी काही गेली नाही, पोटाची पडलीच होती.

गच्चीवर शेड घालताना आमच्या गावात आणखी एक भानगड असते. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतं, किरणोत्सव. त्या किरणांच्या वाटेत कुणाची टाकी आली, कुणाचा मजला वाढला, की तो अडथळा, मोजणी, पेपरात बातमी. दुसरीकडं शेजाऱ्याचं ऊन अडवलं तर शेजारी भांडतो, इथं देवीचं. आमचं घर सुदैवानं त्या वाटेत नाही.

भाची आली होती सुट्टीला. तिला म्हटलं शेडवर लिहितोय. तर ती म्हणाली, "मामा, काल आजीनं काकूला काय शेड मारलाय!" मला कळेना, आई आणि पत्रा? तर हा शेड म्हणजे न बोलता अपमान. न्यूयॉर्कमधल्या काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या ड्रॅग बॉलमधला, म्हणजे दुसऱ्याच लिंगाचा वेश करून नटून उतरायच्या स्पर्धांमधला हा शब्द, १९९० सालच्या एका माहितीपटानं बाहेर सगळीकडं गेला आणि २०१७ मध्ये मेरियम-वेबस्टरच्या डिक्शनरीतही जाऊन बसला. आई काय म्हणाली होती? काकूनं नव्या घराचे फोटो दाखवले आणि आई म्हणाली, "छान हाय. भाड्याचं आहे असं वाटतच नाही." आता ह्याला आपल्याकडं शालजोडीतला म्हणतात की, आणि आईनं तो न्यूयॉर्कच्या आधीपासून चालू ठेवलाय.

एवढं सगळं होईतोवर चार वाजले. उन्हं कलली. चहा करायला उठलो, कप काढायला कपाट उघडलं आणि तो वाशाला अडकवलेला कप एकदम समोर आला. मघाशी लिहिताना कंदिलाच्या पुढं त्याचं नाव सहज लिहून गेलो, पण तो कप म्हशींच्या गोठ्यात काय करत होता?

मी सहा-सात वर्षांचा असेन. एकदा खेळायला म्हणून जुवावर चढून तो काढला होता आणि आजी ओरडली होती, "ठेव आधी, हात लावू नको त्याला." मारकुट्या मामाला घाबरणारा मी त्या दिवशी आजीला घाबरलो. तिनं मला पाटावर उभं करून डोक्यावरनं पाणी ओतलं. मला वाटलं कप घाण असेल. शेण काढायला, वैरण टाकायला एक म्हातारा यायचा, तो काम झालं की स्वतःच तो कप काढायचा, स्वतःच धुवायचा, शेडाच्या कडंला पत्र्याच्या सावलीत उकिडवा बसायचा आणि आजी वरनं चहा ओतायची. उंचावरनं. बारीक धार, एक थेंब बाहेर नाही. मला त्या धारेचं फार कौतुक वाटायचं.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या, न होऊ दिलेल्या त्या भाषणात, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहिलंय, पेशवाईत कुणी सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला रस्त्यावर चालायची बंदी होती, त्याची सावली पडून विटाळ होईल म्हणून. हे कॉलेजात वाचलं तेव्हा वाटलं, पुणं. आमचं कोल्हापूर वेगळं. आमच्या शाहू महाराजांनी अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि गाडी थांबवून तिथं चहा घेतला, ही गोष्ट आम्ही शाळेत दरवर्षी सांगायचो, मी स्वतः एकदा भाषणात सांगून बक्षीस घेतलंय, कंपासपेटी मिळाली होती. महाराज जाऊन तेव्हा साठेक वर्षं झाली असतील, महाराजांचं मूळ गाव आजोळपासनं हाकेवर, आणि त्याच सुट्टीत मी आजोळी जाऊन त्या शेडात, त्या कपाखाली बसून ती कंपासपेटी मामाला दाखवली होती.

त्या म्हाताऱ्याचं नाव मला माहीत नाही. आईला विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली. "आम्ही त्याला हाकच मारायचो नाही," म्हणाली, "त्यो आपला आपण यायचा." मग शेडकार्ड मिटून बाजूला ठेवलं आणि चहा न घेताच देवाजवळ दिवा लावायला गेली.

सहाला परत फोन. "साहेब, पत्रा कुठल्या शेडचा आणू? उद्या गाडी भरायचीय."

"कुठलाबी आण," म्हटलं.